पायगेम + पायओपनजीएल : जुन्या मशीनवर, जुन्या लायब्ररीतून एक एकर केळी उभी केली त्याचा रिव्ह्यू

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला माझा छोटासा कॉम्प्युटर क्लास आहे. नऊ डेस्कटॉप, सगळे सेकंड हँड, बहुतेक कोअर टू ड्युओवाले, 2 जीबी रॅम आणि ग्राफिक्स म्हणाल तर मदरबोर्डवरचंच, इंटेलचं, जे ओपनजीएल 2.1 च्या पुढे जात नाही. अशा मशीनवर पोरांना थ्रीडी ग्राफिक्स शिकवता येतं का, हा प्रश्न मला दोन वर्षं छळत होता, आणि आता आठ-नऊ महिने पायथन, पायगेम आणि पायओपनजीएल हे तिघं रोज वापरून झाल्यावर सांगतो की येतं, आणि चांगलं येतं, फक्त दोन-तीन ठिकाणी हे तिघं इतका त्रास देतात की कोणी आधी सांगितलं असतं तर माझे कमीत कमी पंधरा दिवस वाचले असते. म्हणून हे लिहितोय. मार्क आधीच देऊन टाकतो, शिकण्यासाठी 5 पैकी साडेचार, मोठं प्रॉडक्ट बनवायचं असेल तर अडीच.

आधी हे काय आहे ते थोडक्यात, कारण पालक विचारतात. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. ओपनजीएल म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी बोलायची भाषा समजा, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने 1992 मध्ये आणलेली. पायओपनजीएल म्हणजे तीच भाषा पायथनमधून बोलता यावी म्हणून केलेला पूल. आणि पायगेम हे 2000 सालापासूनचं, आत एसडीएल नावाची सी मधली लायब्ररी आहे, खिडकी उघडणं, कीबोर्ड, माऊस, आवाज, चित्र लोड करणं हे सगळं ते बघतं. तिन्ही फुकट. लायसनची कटकट नाही, एका मशीनवर टाका नाहीतर नऊवर, क्लासवाल्यासाठी ही गोष्ट फार मोठी आहे.

आता माझ्या पिढीने ग्राफिक्स कसं शिकलं ते आठवा. टर्बो सी, निळा स्क्रीन, इनिटग्राफ, आणि त्यात बीजीआय फोल्डरचा पाथ चुकला की काहीच नाही. 640 बाय 480, सोळा रंग. पुटपिक्सेलने एकेक ठिपका टाकून ब्रेसनहॅमची रेषा काढायची आणि जर्नल सबमिट करायचं. मी त्याला नावं ठेवत नाही, रेषा म्हणजे शेवटी ठिपक्यांची रांग असते हे मला तिथेच कळलं आणि ते आयुष्यभर पुरलं. पण आजच्या पोराला, ज्याच्या हातातल्या मोबाईलमध्ये थ्रीडी गेम पळतोय, त्याला तीन महिने रेषाच काढायला लावली तर तो चौथ्या महिन्यात येत नाही. मी हे डोळ्याने बघितलंय, बॅचच्या बॅच अर्ध्या झाल्यात.

पायगेम आणि पायओपनजीएल घेतलं की पहिल्या तासातच फिरणारा रंगीत घन स्क्रीनवर येतो. पंचवीस-तीस ओळी. खिडकी उघडा, ग्लू पर्स्पेक्टिव्हने कॅमेरा लावा, जीएल बिगिन म्हणा, कोपरे सांगत जा, जीएल एन्ड म्हणा, फ्लिप करा. झालं. अकरावीतला एक पोरगा, घरी पूर्ण अहिराणी बोलणारा, घन फिरायला लागल्याबरोबर खुर्चीतून उठून म्हणाला, "सर, हाई तं खरंच फिरी राह्यनं!" आणि मग पुढचा अर्धा तास त्याने कोणाला त्या मशीनला हात लावू दिला नाही. शेडरची, म्हणजे कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम स्वतः लिहायची, वाट धरली असती तर हा क्षण चौथ्या-पाचव्या आठवड्यात आला असता, तोपर्यंत तो पोरगा टिकला असता की नाही मला शंका आहे.

इन्स्टॉलेशन. लिनक्सवर अजिबात त्रास नाही, मी सगळ्या नऊ मशीनवर डेबियन लिनक्स टाकलंय, तिथे पायगेम आणि पायओपनजीएल दोन्ही रिपॉझिटरीतच, म्हणजे त्याच्या पॅकेजच्या साठ्यातच आहेत, एका कमांडमध्ये येतात आणि आपल्याकडे नेट कसं आहे ते माहितीच आहे, पावसाळ्यात तर दिवस दिवस जातं, म्हणून एकदा पॅकेज उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली आणि बाकी आठवर तिथून टाकली. विंडोजवर मात्र सांभाळा. नेटवरची निम्मी जुनी उदाहरणं ग्लूट वापरतात, म्हणजे ओपनजीएलसाठी खिडकी उघडून देणारी जुनी लायब्ररी, आणि पिपने (पायथनची पॅकेज उतरवणारी कमांड) पायओपनजीएल टाकलं तरी ग्लूटची डीएलएल, म्हणजे विंडोजची लायब्ररी फाईल, येईलच असं नाही, मग प्रोग्राम चालवला की ग्लूट-इनिट नावाचं अनडिफाइन्ड फंक्शन बोलावलं म्हणून नल फंक्शन एरर येतो. पोरं घाबरतात, त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. चुकलेलं काही नसतं, फ्रीग्लूटची डीएलएल मशीनवर नाही एवढंच. मी यावर सरळ उपाय काढला की ग्लूट शिकवायचंच नाही, खिडकी पायगेमची आणि आतलं चित्र ओपनजीएलचं. पण त्यातही क्रम पाळावा लागतो, पायगेमच्या सेट मोडमध्ये ओपनजीएल आणि डबलबफ हे दोन फ्लॅग देऊन आधी खिडकी उघडायची आणि मगच जीएलची कोणतीही कमांड द्यायची, उलटं केलं तर कॉन्टेक्स्टच, म्हणजे जीएलला चित्र काढायची जागाच नसते आणि प्रोग्राम काय करेल याचा भरवसा नाही.

अजून एक, पायथन अगदी ताजं, कालपरवा आलेलं टाकू नका. पायगेमची तयार फाईल त्या आवृत्तीसाठी आली नसेल तर पिप सोर्समधून बिल्ड करायला जातो आणि मशीनवर कंपायलर नसला की लाल अक्षरांची लांबच लांब रांग. एक आवृत्ती मागेच राहा. आणि 2023 मध्ये पायगेम-सीई म्हणून वेगळी शाखा निघाली आहे, ती पण चांगली आहे, पण दोन्हीचं इम्पोर्टचं नाव एकच, त्यामुळे दोन्ही एकाच मशीनवर टाकू नका, एक काढा मग दुसरं घाला.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. घन फिरवून झाला, पिरॅमिड झाला, मग पोरं म्हणाली आता काय. मी म्हटलं आपल्या आजूबाजूला काय दिसतं ते करू. क्लासच्या खिडकीतून केळीच दिसते. तर ठरलं, एक एकर केळीचं वावर उभं करायचं, ठिबकच्या नळ्यांसकट.

हिशोब बघा. पाच बाय पाच फुटावर लागवड धरली तर एका एकरात 43560 भागिले 25, म्हणजे साधारण 1742 खोडं. एका झाडाला आम्ही खोडासाठी षटकोनी नळकांडं केलं, त्याचे 14 बिंदू, आणि आठ पानं, प्रत्येकी चार बिंदू, म्हणजे 32. एकूण 46 बिंदू. शिवाय झाड जागेवर न्यायला, थोडं फिरवायला, मॅट्रिक्स (जागा आणि कोन सांगणारा तक्ता) ढकलायला-काढायला, रंग द्यायला, बिगिन-एन्डला मिळून आणखी दहा कमांड. 56 कमांड एका झाडाला. 1742 ने गुणा, 97552. एका फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरचं एक चित्र काढायला, जवळपास एक लाख कमांड, आणि प्रत्येक कमांड पायथनमधून, म्हणजे पायथन आधी नाव शोधणार, मग पायओपनजीएलचं वेष्टन उघडणार, मग सीटाइप्स या पायथनच्या सोयीतून सी च्या लायब्ररीत उतरणार, मग कुठे ते ड्रायव्हरपर्यंत पोचणार. एका कमांडला जास्त वेळ लागत नाही, पण लाख वेळा केल्यावर लागतो. आमच्या मशीनवर सेकंदाला चार फ्रेम मिळाल्या. चार. कॅमेरा फिरवला की वावर धक्के खात खात फिरायचं.

इथे बहुतेक लोक म्हणतात पायथन स्लो आहे, सोडा, सी प्लस प्लस घ्या. मी पण तोच विचार करत होतो. पण थांबून बघितलं तर कार्ड रिकामं बसलं होतं, सगळा वेळ पायथनकडून कार्डाकडे निरोप पोचवण्यात जात होता. म्हणजे दुकानात माल आहे, गिऱ्हाईक आहे, पण हमाल एकेक केळं हातात घेऊन ट्रकमध्ये ठेवतोय. घड भरा, क्रेट भरा, मग उचला!

पहिली सुधारणा एका ओळीची. पायओपनजीएल स्वभावाने काळजीवाहू आहे, बिगिन-एन्डच्या बाहेरच्या प्रत्येक कमांडनंतर काही चुकलं का म्हणून जीएल गेट एरर विचारत बसतं. शिकताना ही सवय सोन्यासारखी आहे, चूक नेमकी कुठल्या ओळीवर झाली ते दाखवतं, सी मध्ये हे सुख नाही. पण प्रोग्राम नीट चालायला लागल्यावर एरर चेकिंग बंद करायचं, आणि ते ओपनजीएल डॉट जीएल इम्पोर्ट करायच्या आधी करायचं, नंतर केलं तर काही उपयोग नाही. आम्ही नंतर केलं होतं आणि दोन दिवस फरक का पडत नाही म्हणून डोकं धरून बसलो होतो. योग्य जागी केल्यावर चारचे सहा झाले.

खरी गंमत डिस्प्ले लिस्टची. ही ओपनजीएलची अगदी पहिल्यापासूनची सोय, एकदा न्यू लिस्ट म्हणून सगळ्या कमांड रेकॉर्ड करायच्या, एन्ड लिस्ट, आणि मग एका कॉल लिस्टमध्ये सगळं परत काढायचं. पायथनसाठी तर जणू खास बनवून ठेवलीय. आम्ही आधी एका झाडाची लिस्ट केली, मग प्रत्येक झाडाला फक्त पाच कमांड उरल्या, ढकला, न्या, फिरवा, लिस्ट बोलवा, काढा. 97552 चे 8710 झाले आणि फ्रेम वीसच्या आसपास. मग एका मुलीने विचारलं, सर आख्ख्या वावराचीच लिस्ट केली तर? लिस्टमध्ये लिस्ट बोलावता येते हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं, तिने स्वतः करून बघितलं. आख्खा एकर एका कमांडमध्ये. चाळीसच्या पुढे फ्रेम, त्याच जुन्या मशीनवर, त्याच पायथनमध्ये, एक रुपयाचं नवीन कार्ड न घेता. त्या दिवशी क्लास रात्री साडेनऊला बंद केला.

डिस्प्ले लिस्टची अडचण पण सांगतो, एकदा रेकॉर्ड केलं की आतलं बदलता येत नाही. झाड वाढताना दाखवायचं असेल तर लिस्ट पुन्हा बनवावी लागते. आम्ही बारा महिन्यांच्या बारा लिस्ट सुरुवातीलाच बनवून ठेवल्या, प्रोग्राम उघडायला थोडा वेळ घेतो पण मग स्लायडर सरकवला की वावर लावणीपासून घडापर्यंत वाढत जातं. वाऱ्यावर प्रत्येक पान वेगळं हलवायचं म्हटलं तर मात्र या पद्धतीने जमणार नाही, तो नाद सोडा.

चुका सांगतो ज्या प्रत्येक बॅचला होतात. पहिली, सगळी झाडं एकसारखी दिसू नयेत म्हणून प्रत्येक झाड रँडम कोनात फिरवायचं, आणि तो रँडम फ्रेमच्या लूपमध्येच टाकायचा. प्रत्येक फ्रेमला नवा कोन, आख्खं वावर थरथरतं. कोन आधीच एका यादीत काढून ठेवायचे.

दुसरी चूक कोनाच्या मापाची. जीएल रोटेटला अंश लागतात आणि पायथनच्या मॅथ डॉट साइनला रेडियन. आठ पानं गोल लावायची म्हणून पोरं 45, 90, 135 असे आकडे सरळ साइनमध्ये देतात आणि पानं कुठेही उगवतात. हे शिकवताना मी दरवेळी पाटणादेवीची गोष्ट सांगतो. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्य ज्याला 'ज्या' म्हणत, तो संस्कृत शब्द अरबीत गेला, अरबीतून लॅटिनमध्ये जाताना त्याचा सायनस झाला आणि तोच आज आपण पायथनमध्ये साइन म्हणून टाइप करतो. आपल्या खानदेशातल्या डोंगराच्या पायथ्याशी हे गणित शिकवलं जायचं आणि आज त्याच गणिताने आपण केळीची पानं लावतोय, हे ऐकल्यावर पोरांचा चेहरा बदलतो. अंशाचं रेडियन करणारं रेडियन्स फंक्शन ती मग विसरत नाहीत.

तिसरी भानगड मलाही बरेच दिवस कळली नव्हती. ठिबकची काळी नळी जमिनीवर ठेवली, दोघांची उंची शून्य. नळी तुटक तुटक दिसायची, कॅमेरा हलवला की लुकलुकायची. मला वाटलं जुनं कार्ड खराब झालं. नाही, जमीन आणि नळी एकाच खोलीवर असल्या की पुढे कोण मागे कोण हे डेप्थ बफरला, म्हणजे प्रत्येक पिक्सेलची खोली लक्षात ठेवणाऱ्या जागेला, ठरवता येत नाही. नळी दोन इंच वर उचलली, जवळून ठीक झालं, लांबून तरीही लुकलुक. मग कळलं की पर्स्पेक्टिव्हमध्ये जवळची मर्यादा मी 0.01 आणि लांबची 10000 देऊन ठेवली होती, डेप्थची सगळी अचूकता कॅमेऱ्याच्या नाकासमोरच खर्च होत होती. जवळची 1 केली, लांबची 500, आणि नळ्या शेवटच्या ओळीपर्यंत सरळ दिसल्या. ही गोष्ट कुठल्याही भाषेत, कुठल्याही लायब्ररीत लागते, पण पायथनमध्ये आकडा बदलून लगेच बघता येतं म्हणून ती पोरांना एका बैठकीत कळली.

मराठी अक्षरांबद्दल नाराज आहे, आणि ही नाराजी मोठी आहे. पायगेमला देवनागरी फॉन्ट दिला तर अक्षरं येतात पण जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. 'ठिबक' लिहिलं की वेलांटी ठ च्या नंतर. कारण अक्षरांची मांडणी करणारं जे इंजिन लागतं ते जुन्या आवृत्तीत नाही. नव्या आवृत्त्यांमध्ये फॉन्टला लिपी सांगायची सोय आली आहे पण ती खालच्या लायब्ररीत ते इंजिन असेल तरच चालते. आमचा उपाय जुनाच, लेबलं लिब्रे ऑफिसमध्ये टाइप करून त्याचं चित्र बनवायचं आणि ते टेक्श्चर म्हणून चिकटवायचं. चित्र लोड करताना ते उलटं दिसतं, कारण पायगेमचा शून्य वरच्या कोपऱ्यात आणि ओपनजीएलचा खालच्या, म्हणून स्ट्रिंगमध्ये बदलताना फ्लिपचा पर्याय ट्रू द्यायचा. चालतं, पण आपल्या पोराला आपल्या भाषेत दोन शब्द स्क्रीनवर टाकायला एवढा वळसा पडावा हे मला मनापासून खटकतं. मार्क मी इथेच कापलेत.

आता तो प्रश्न जो मला प्रत्येक इंजिनिअरिंगचा मुलगा विचारतो, "सर, हे तर जुनं झालं ना, बिगिन-एन्ड आता कोणी वापरत नाही." खरं आहे. 2008 मध्ये ओपनजीएल 3.0 ने ही जुनी पद्धत डेप्रिकेट केली, म्हणजे यापुढे वापरू नका म्हणून सांगितलं, 2009 मध्ये 3.1 ने मूळ गाभ्यातून काढली, आणि ॲपलने तर 2018 मध्ये आख्खं ओपनजीएलच डेप्रिकेट केलं. एका क्लासवाल्याने माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना सांगितलं की तुमचा मुलगा मेलेली गोष्ट शिकतोय, फी वाया चालली. मला फार लागलं ते. म्हणून सविस्तर सांगतो.

एक तर माझ्या मशीनवर नवीन पद्धत चालतच नाही. मॉडर्नजीएल ही पायथनची लायब्ररी चांगली आहे, मी घरच्या लॅपटॉपवर वापरतो, पण तिला कमीत कमी ओपनजीएल 3.3 लागतं. आपल्याकडच्या किती शाळांमध्ये, किती घरात तसं कार्ड आहे? जे आहे त्यावर शिकवणं हे माझं काम आहे. दुसरं, जुन्या पद्धतीत जे शिकतो त्यातलं मॅट्रिक्स, डेप्थ, कॅमेरा, प्रकाशाची दिशा, काहीही वाया जात नाही, फक्त ते कोण करतं ते बदलतं, आधी लायब्ररी करत होती, शेडरमध्ये तुम्ही स्वतः करता. आणि तिसरं, वीस वर्षांपूर्वीची सी मधली उदाहरणं ओळीला ओळ पायथनमध्ये उतरतात, सेमीकोलन काढा, जवळपास झालं. शिकायला इतका साठा नव्या कुठल्याच लायब्ररीला नाही.

आणि मी बिगिन-एन्डवर थांबवत नाही. डिस्प्ले लिस्ट झाली की लगेच व्हर्टेक्स बफर, म्हणजे सगळे बिंदू एका गठ्ठ्यात कार्डाकडे ठेवायची सोय. ते ओपनजीएल 1.5 पासूनच, म्हणजे 2003 पासून आहे, आमच्या मशीनवर चालतं, आणि नव्या पद्धतीतही तेच आहे. नमपाय या आकडेमोडीच्या पायथन लायब्ररीच्या ॲरेमध्ये 80132 बिंदू भरायचे, तिन्ही अक्षांचे चार-चार बाइट, एकूण साडेनऊ लाख बाइटच्या आसपास, एक एमबी सुद्धा नाही, आणि ते एकदाच कार्डाकडे पाठवायचं. इथे दोन खड्डे आहेत. नमपाय स्वतःहून फ्लोट 64, म्हणजे आठ बाइटचे आकडे बनवतो आणि आपण कार्डाला सांगतो फ्लोट म्हणजे 32, मग केळीच्या जागी स्क्रीनभर काटेरी झुडूप दिसतं, म्हणून ॲरे बनवतानाच फ्लोट 32 लिहा. दुसरा, व्हर्टेक्स पॉइंटरच्या शेवटी सी मध्ये शून्य देतात, पायथनमध्ये साधा शून्य दिला तर स्क्रीन काळा, तिथे नन (None), म्हणजे पायथनचं 'काहीच नाही', द्यायचं. कुठलाही एरर येत नाही, फक्त काळा स्क्रीन. मी एक अख्खा रविवार यात घालवलाय.

नुसत्या पायगेमबद्दल, म्हणजे टूडीबद्दल फार लिहीत नाही, ते चांगलंच आहे. चित्र लोड केल्यावर कन्व्हर्ट किंवा कन्व्हर्ट अल्फा करा, ब्लिटचा, म्हणजे चित्र खिडकीत उतरवायचा, वेग लगेच वाढतो. एकेक पिक्सेल सेट-ॲटने रंगवू नका, 640 बाय 480 म्हणजे तीन लाखाच्या वर पिक्सेल, सगळे पिक्सेल एकदम हाताळणारं पायगेमचं सर्फॲरे आणि नमपाय घ्या. आणि लूपमध्ये इव्हेंट वाचत राहा, नाहीतर खिडकी गोठल्यासारखी होते आणि विंडोज प्रोग्राम मारायचा का विचारतं. लहान पोरांना, सातवीपर्यंत, मी पायगेम पण देत नाही, टर्टलच देतो, म्हणजे रेषा काढत फिरणारं कासव, तो पायथनसोबतच येतो.

मोठ्या कामासाठी अडीच का, तर तयार प्रोग्राम दुसऱ्याला देणं जिकिरीचं आहे. सगळं एका फाईलमध्ये बांधलं की फाईल मोठी होते, कधी डीएलएल सुटते, कधी अँटीव्हायरस अडवतो. मोबाईलवर तर हे नेऊच नका, तिथलं ओपनजीएल ईएस वेगळं, त्यात बिगिन-एन्ड कधी नव्हतंच. पैसे घेऊन कोणाला सॉफ्टवेअर करून द्यायचं असेल तर दुसरं काही बघा.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याचे आजोबा, सगळे त्यांना आप्पा म्हणतात, नातवाला घ्यायला आले होते. चाळीस वर्षं केळी लावतायत. स्क्रीनवर वावर फिरत होतं. उभ्यानेच बघत म्हणाले, "हाई काय शे भो?" नातवाने सांगितलं, स्लायडर सरकवून महिने दाखवले. आप्पा खुर्ची ओढून बसले. दहाव्या महिन्यावर थांबवायला लावलं आणि म्हणाले पानं चुकलीत, घड पडल्यावर खालची पानं अशी ताठ राहत नाहीत, लोंबतात, आणि काही तर आपणच कापतो. पोराने फाईल उघडली, दहाव्या महिन्याच्या खालच्या तीन पानांचा कोन 60 चा 20 केला, सेव्ह केलं, परत चालवलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. आप्पांनी मान हलवली, अजून खाली. 20 चे उणे 10. परत चालवलं. असं चार-पाच वेळा. कंपाइल नाही, थांबणं नाही, आप्पा सांगतायत आणि नातू आकडा बदलतोय, आणि माझ्याकडे कोणाचंच लक्ष नाही. शेवटी आप्पा म्हणाले, "आते मन्हं वावर दिसस."

मग त्यांनी विचारलं की त्यांच्या वावराला उत्तरेकडे उतार आहे, शेवटच्या नळ्यांना पाणी जास्त येतं आणि वरच्या खोडांना कमी, ते यात दिसेल का. जमीन सध्या सपाट आहे आमच्या प्रोग्राममध्ये. नातू आणि ती लिस्टवाली मुलगी मिळून आता प्रत्येक कोपऱ्याची उंची घालून जमीन तिरकी करतायत आणि नळीला दाबाप्रमाणे निळा-पिवळा रंग देतायत, त्यासाठी नळ्यांची लिस्ट झाडांपासून वेगळी काढलीय म्हणजे व्हॉल्व्ह फिरवला की तेवढीच पुन्हा बनेल. उतार आप्पांनी स्वतः लेव्हल ट्यूबने मोजून आणलाय, वहीच्या पानावर, फूट आणि इंचात.